रिकाम्या खुर्चीचं म्हणणं

कॉलेजातल्या शिपायाला दोनच गोष्टी यायला हव्यात, असं चिंधू सांगायचा. एरवी कोणाला दिसायचं नाही ही एक, आणि घंटी वाजली की लगेच दिसायचं ही दुसरी. त्याला दोन्ही उत्तम जमत. प्राचार्यांच्या केबिनबाहेर, हिरव्या पडद्याच्या कडेला त्याचं स्टूल होतं. येणारेजाणारे प्राध्यापक भिंतीवरून फिरवावी तशी त्याच्यावरून नजर फिरवून पुढं जात. चिंधूला त्याचं वाईट वाटत नसे. तो म्हणे, "बघतील तर बोलाया लागंल, आन बोलाया लागलं तर ऐकायचं ऱ्हाऊन जाईल."

तो मूळचा भिवंडीजवळच्या कोन गावाच्या आतल्या अंगाच्या एका खेड्यातला कुणबी. लग्न झाल्यावर बायकोला, तुळजाला घेऊन भिवंडीत आला आणि निजामपुऱ्यात लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, सुताच्या कांड्या भरायला लागला. त्या खटखटाटात त्याला घरीसुद्धा ओरडून बोलायची सवय लागली होती. मग केसरीनाथशेठनी कॉलेज काढलं. शेठ खाडीकाठच्या जुन्या जमीनदार घराण्यातले. स्वतः चौथीपलीकडे गेले नव्हते, पण गावात कॉलेज हवंच म्हणून कामतघरच्या पुढची आपली पडीक जागा देऊन मोकळे झाले. त्यांच्या ओळखीनं चिंधू शिपाई म्हणून लागला. पहिल्या दिवशी केबिनबाहेरची ती शांतता त्याच्या कानांत खुपली म्हणे.

प्राचार्य होते घैसाससर. किरकोळ देहाचे, पांढऱ्या कपड्यातले, कधी आवाज न चढवणारे. त्यांचं उत्तर दोन शब्दांत यायचं. 'होऊ द्या.' 'पुढं बघू.' किंवा नुसतंच 'नको.' नको म्हणायचं असलं की ते आधी चष्मा काढून टेबलावर ठेवायचे, आणि चष्मा उतरला की समोरचा माणूस कागद गोळा करायला लागायचा. पडद्याबाहेर सगळं ऐकू यायचं. चिंधूनं ते वर्षानुवर्षं ऐकलं. इंग्रजी त्याला कळत नव्हतं, पण सरांचा कोणता खोकला कोणत्या उत्तराआधी येतो हे पक्कं कळत होतं.

बहात्तर साली एका रविवारी घैसाससर घरी झोपेतच गेले. सोमवारी शोकसभा झाली, मंगळवारी कॉलेज भरलं. चिंधूनं रोजच्यासारखी केबिन उघडली, खुर्चीची पाठ पुसली, पंखा लावला आणि टेबलावर पाण्याचा पेला झाकून ठेवला. ठेवल्यावर त्याच्या ध्यानात आलं. पण आता पेला उचलायचा कसा? उचलला तर सरांना उठवल्यासारखं होईल असं त्याला वाटलं, म्हणून राहू दिला.

कारभार उपप्राचार्य वझ्यांकडे आला. वझेसर माणूस भला, विद्यार्थ्यांत प्रिय, पण कुठलीही गोष्ट अंगावर घ्यायला ते तयार नसत. ते आत आले, सरांच्या खुर्चीकडे पाहिलं, झाकलेला पेला पाहिला आणि कोपऱ्यातली वेताची खुर्ची ओढून टेबलाच्या बाजूला बसले. "नवे प्राचार्य येईपर्यंत मी इथंच बरा," म्हणाले. सगळ्यांना ते फार सुसंस्कृत वाटलं. नवे प्राचार्य काही आले नाहीत. कधी निवड समिती जमेना, कधी विद्यापीठाचा माणूस मिळेना, मग कोणीतरी कोर्टात गेलं. वझेसर बाजूलाच बसत राहिले आणि मधली खुर्ची रिकामी राहत राहिली.

गाडी घसरली ती स्नेहसंमेलनात. नाटकात मुलं आणि मुली एकत्र कामं करणार होती, आणि भिवंडीत तोवर असं झालेलं नव्हतं. अर्धे प्राध्यापक म्हणत करू द्या, अर्धे म्हणत उद्या पालक दारात येतील. तासभर भांडून सगळे दमले. वझेसरांनी खुर्चीकडे पाहून उसासा टाकला. "सर असते तर काय म्हणाले असते, देव जाणे."

चिंधू तेव्हा चहाचे कप ठेवत होता. तो हलकेच खोकला आणि म्हणाला, "होऊ द्या. मात्र तालमीला एक बाई बसवा."

आधी कोणीतरी हसलं. मग हसू एकदम विझलं. शब्द सरांचे होते हे तर झालंच, पण ते 'मात्र', तो मध्ये घेतलेला दम, शेवटचं अक्षर जरासं खाली सोडणं, सगळं हुबेहूब. उर्दू शिकवणारे अन्सारीसर हातातला कप तसाच धरून बसले. नंतर बाहेर येऊन त्यांनी चिंधूला विचारलं, "चिंधूभाई, ये तुमने कैसे किया?"

"मैंने कुछ नहीं किया सर," चिंधू म्हणाला. "निकल गया मुँह से."

नाटक छान झालं. पालक दारात आले ते पेढे घेऊन. मग काय विचारता! पुढच्या मीटिंगला वाद अडला तसा कोणीतरी म्हणालं, "चिंधूला बोलवा." गंमत म्हणूनच म्हणालं, पण चिंधू आला, उभा राहिला, खोकला, आणि वाद मिटला. वझेसरांना तर आयतंच फावलं. निर्णय त्यांचा नव्हता, त्यामुळे शिव्या त्यांना नव्हत्या. हरलेला पक्षही कुरकुर करेना, कारण सरांशी कोण भांडणार? शिकलेल्या माणसांना एकदा पद्धत सापडली की डोकं चालवायचा त्रास वाचतो, आणि कॉलेजाला आता पद्धत सापडली होती. आधी 'सर काय म्हणाले असते' असं विचारत. पुढं पुढं 'सर काय म्हणतात' असं विचारू लागले. कोणालाही त्यात वावगं दिसलं नाही.

कोणी कोणाला शिकवलं नाही, पण सगळ्यांना सगळं येऊ लागलं. केबिनमध्ये शिरताना आधी रिकाम्या खुर्चीला मान लववायची, मग वझेसरांना नमस्कार. बोलताना वझेसरांकडे तोंड करायचं नाही, खुर्चीकडे करायचं. टेबलावर कागद ठेवायचा तो खुर्चीतून वाचता येईल असा. पेल्यातलं पाणी चिंधू रोज बदलायचा. हॉलमध्ये दोन प्राध्यापक कुजबुजत असले आणि केबिनचा पडदा वाऱ्यानं हलला, तर ते गप्प होऊन तासाला निघून जात.

नाबर नावाचा तरणा प्राध्यापक मुंबईहून आला तेव्हा त्याला हसू आवरेना. "अहो, हे कॉलेज आहे की देवऋष्याचं घर?" तो स्टाफरूममध्ये मोठ्यानं म्हणाला. सगळे पेपर तपासत राहिले. मग त्यानं गंमत करायची ठरवली. मीटिंगमध्ये त्यानं टेपरेकॉर्डर घेण्याचा विषय काढला, आणि टेपरेकॉर्डरातलं घैसाससरांनाही धड कळत नसणार, चिंधूला तर नाहीच, अशा खात्रीनं विचारलं, "सर काय म्हणतात?"

चिंधूनं नाकावरून काहीतरी उतरवल्यासारखा हात केला आणि टेबलावर ठेवला. "आधी प्रबंध पूर्ण करा," तो म्हणाला. "सादर केलाय असं अर्जात लिहिलंत. केलेला नाही."

नाबरचा चेहरा पिठासारखा झाला. प्रबंध म्हणजे काय हे चिंधूला माहीत नव्हतं. बाहेर आल्यावर त्यानं लायब्ररीत जाऊन मुलीला विचारलं, "काशे, प्रबंध कशाला म्हंतात गं?" दुसऱ्या दिवशी नाबरनं केबिनमध्ये शिरताना खुर्चीला मान लववली, जरा जास्तच खाली.

ही काशी म्हणजे चिंधूची एकुलती एक पोर. घराण्यात एस.एस.सी. झालेली पहिली. लायब्ररीत टेंपररी लागली होती. पुस्तकांना नंबर टाकायची, मुलांना ओरडायची, आणि कोणतं पुस्तक कुठं आहे ते डोळे मिटून काढून द्यायची. तिला कायम करण्याचा विषय दर वर्षी निघायचा आणि पुढं ढकलला जायचा. कायम झाली असती तर शिकून परीक्षा देता आली असती, आणि लग्नाची घाई करणाऱ्या नातेवाइकांची तोंडंही बंद झाली असती. चिंधूनं तिला शब्द दिला होता. "ज्या दिशी मला इचारतील, त्या दिशी तुजं काम झालंच म्हनून समज." काशी हसली होती. बापावर तिचा भरवसा होता.

घरी मात्र तुळजाचा जीव थाऱ्यावर नव्हता. चिंधू आता ओरडून बोलत नसे. भाजी कसली करू विचारलं तर खोकायचा आणि म्हणायचा, "पुढं बघू." शेजारणी हसायच्या, पण तुळजाला हसू येत नव्हतं. एकदा कामतघरच्या त्यांच्या चाळीत ती त्याच्याशी भांडत होती, अगदी नवराबायको भांडतात तशी, आणि तो भिंतीला टेकून तिचं सगळं ऐकून घेत होता. शेवटी तो मान हलवून म्हणाला, "आपलं म्हणणं कळलं. या आता." ती उंबऱ्यातच मटकन बसली. आपल्या घरात आपल्यालाच 'या' म्हणणारा हा कोण?

दुसऱ्या दिवशी तिनं त्याला कोनकडच्या भगताकडे नेलं. भगतानं तांदूळ टाकले, मनगट धरलं, डोळ्यांत बघितलं, पुन्हा तांदूळ टाकले. मग त्यानं तुळजाची सुपारी आणि नारळ परत केला. "बाई, ह्याच्या अंगात कोन न्हाय."

"नीट बगा दाजी," तुळजा काकुळतीला आली. "कोन तरी असंलच."

"असता तं काढला असता," भगत म्हणाला. "न्हाय म्हनून तं मला भ्या वाटतं." आणि तो आत निघून गेला. परतीच्या वाटेवर चिंधू मात्र जरा प्रसन्नच दिसत होता.

खरं सांगायचं तर त्याला हे सगळं आवडायला लागलं होतं. आयुष्यभर भिंत म्हणून राहिलेल्या माणसानं तोंड उघडलं की आख्खं कॉलेज कान टवकारतं, हे काय कमी आहे? प्रोफेसर त्याच्यासाठी वाटेतून बाजूला होत. तंबाखू खायला तो कॅन्टीनमागे गेला तर तिथली मुलं उठून उभी राहत. असं काही आवडतं हे त्यानं कोणाला सांगितलं नाही, स्वतःलाही नाही. पण रात्री अंथरुणावर पडला की उद्या काय विचारतील याचीच तो वाट बघायचा.

सत्त्याहत्तर साली, निवडणुकांची धामधूम संपल्यावर, संस्थेच्या कार्यकारी समितीची मीटिंग बसली. अध्यक्ष म्हणून केसरीनाथशेठ आले होते. काशीचा विषय शेवटी होता. तिच्या विरुद्ध कोणीच नव्हतं. अन्सारीसर म्हणाले, पोरगी हुशार आहे. नाबरनं तर तिच्या कामाचं भाषणच ठोकलं. शेठ म्हणाले, "मंग वाट कशाची बघता? द्या न लावून." वझेसर हसले. आता उरली होती ती फक्त पद्धत. त्यांनी घंटी दाबली.

चिंधू आत आला. काशी पडद्याबाहेर त्याच्याच स्टुलापाशी उभी होती. जाताना त्यानं तिच्याकडे बघून डोळे मिचकावले होते. आत दुपारचं ऊन खुर्चीच्या पाठीवर पडलं होतं, पंखा फिरत होता, पेल्यावरची झाकणी बारीक थरथरत होती.

"हं चिंधू," वझेसर खुर्चीकडे तोंड करून म्हणाले. "काशीला कायम करावं असा सगळ्यांचा विचार आहे. सर काय म्हणतात?"

हो म्हणायचं होतं. नुसतं 'होऊ द्या'. सकाळपासून तो शब्द त्यानं जिभेवर धरला होता. त्यानं दम घेतला, खोकला, आणि त्याच्याच कानाला कळलं की हा खोकला तो नव्हे. हात वर गेला. नाकावरून काहीतरी उतरलं आणि टेबलावर टेकलं.

"नको," तो म्हणाला. "माझ्या शिपायाची मुलगी आहे. बरं दिसणार नाही."

केसरीनाथशेठ तेवढे वाकून त्याच्या तोंडाकडे बघत होते. बाकी सगळे खुर्चीकडे बघत होते.

"आरं चिंधू," शेठ म्हणाले, "तुजीच पोर न ती?"

"व्हय शेठ!" चिंधूला एकदम कंठ फुटला. तो लूमवर ओरडायचा तसा ओरडला. "माजीच हाय! मी न्हाय बोललो त्ये! मला पायजे तिला काम, मी सांगतो न तुमाला, मी, चिंधू सांगतो…"

"चिंधू," वझेसर हळूच म्हणाले, जणू देवळात कोणी मोठ्यानं बोललं होतं. "सरांचं सांगून झालं. तू आता बाहेर बस."

शेठनी काही तरी बोलायला तोंड उघडलं, भोवतालचे चेहरे पाहिले आणि मिटलं. त्यांची जागा, त्यांची संस्था, त्यांनी बसवलेली माणसं, आणि तरी त्या क्षणी त्यांना इथं पाहुण्यासारखं वाटलं असणार. सगळे उठले. जाताना एकेकानं खुर्चीला मान लववली. नाबरनं लववली, अन्सारीसरांनीही लववली. मग शेठनीही जराशी लववली.

चिंधू पडद्याबाहेर आला तेव्हा काशी तिथंच होती. रडत नव्हती. रडली असती तर त्याला सोपं गेलं असतं. लायब्ररीची किल्ली तिनं स्टुलावर ठेवली होती. निजामपुऱ्यात एका लूमवाल्याच्या ऑफिसात हिशेबाला बाई हवी होती, हे तिला आधीच कोणीतरी सांगितलेलं होतं. ती तिकडे जाणार हे तिच्या उभं राहण्यावरूनच कळत होतं.

"काशे, त्यो मी नव्हतो," चिंधू म्हणाला. "तू ऐकला न आवाज? सायेब होते. मी काय करनार? माज्या तोंडून सायेब बोलले."

"मी ऐकलं, बा."

"मंग?"

"आवाज तुमचाच होता."

चिंधूनं मागं वळून पडद्याकडे पाहिलं.

"सगळे म्हणायचे हुबेहूब सरांचा आवाज," काशी म्हणाली. "आज पहिल्यांदा मी दाराशी उभी राहून ऐकला. सरांसारखा काहीच नाही. मी लहानपणापासून ऐकते तोच आहे." तिच्या आवाजात राग नव्हता, त्यानं चिंधूला जास्त धडकी भरली. "आज घरच्या पोरीला हो म्हटलं असतं तर उद्यापासून तुम्हाला कोणी विचारलं नसतं. हो ना?"

"न्हाय गं. तसं न्हाय."

"मग आता सांगा. इथं कोणी नाही. खुर्ची आत आहे. सरांचं ऱ्हाऊ द्या, माझा बा म्हणून तुम्हीच सांगा. मी जाऊ का निजामपुऱ्यात? का जाऊ नको?"

साधा प्रश्न होता. कोणत्याही बापाला क्षणात उत्तर देता आलं असतं. चिंधूनं तोंड उघडलं. सर काय म्हणतील ते त्याला लगेच सुचलं, शब्द, दम, खोकला, सगळं तयार होतं. ते त्यानं मोठ्या कष्टानं गिळलं आणि त्याच्या खाली आपलं काय आहे ते शोधू लागला. तो शोधतच राहिला. पण काही हाती लागेना, कारण खाली काही नव्हतंच.

मग काशीनं बापाच्या खांद्यावर हात ठेवला, त्याला स्टुलावर नीट बसवलं आणि जिना उतरून गेली.